विश्लेषण : परदेशी जाण्याची तयारी झाली, हे आनंदीबाई जोशींनी कसे ठरवले?

परदेशी शिकायला जायचे म्हटले की प्रवेशपत्र, व्हिसा, कर्ज आणि विमानाचे तिकीट यांची यादी तयार होते. पण आपण खरोखर जाण्यास तयार आहोत का, हा प्रश्न त्या यादीत बसत नाही. १४० वर्षांपूर्वी अवघ्या १७ वर्षांच्या एका मराठी तरुणीने त्याचे उत्तर भर सभेत दिले होते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक असलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी हा निर्णय कसा घेतला आणि त्या तयारीत काय राहून गेले, याचा हा आढावा.

अमेरिकेचा विचार आला कुठून?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झाले. गोपाळराव बिजवर आणि तिच्यापेक्षा सुमारे २० वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता आणि तो अनेकदा जाचक ठरे. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत म्हणून मूल गेले, हे दुःख त्यांच्या मनात राहिले. डॉक्टर होण्याच्या इच्छेमागे ते होते.

ओळखपाळख नसताना आधार कसा मिळाला?

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. धर्मांतराची तयारी असेल तर पाहू, असा उत्तराचा सूर होता. जोशी दाम्पत्याला ते मान्य नव्हते. मात्र हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापून आला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना थेट पत्र लिहिले. पत्रे वाढत गेली, धर्म आणि चालीरीतींवर मोकळी चर्चा झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अमेरिकेत पाऊल ठेवण्याआधीच तिथे त्यांचे हक्काचे घर तयार झाले होते.

ते सहा प्रश्न कोणते?

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये कोलकात्याजवळच्या सेरामपूरला झाली. आनंदीबाईंनी एकटीने जावे, असे त्यांनी ठरवले. हिंदू स्त्रीने समुद्र ओलांडायचा, तोही नवऱ्याशिवाय, यावर चौफेर टीका झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले. लोक आपल्याला विचारत असलेले सहा प्रश्न त्यांनी समोर ठेवले आणि एकेकाचे उत्तर दिले.

*अमेरिकेलाच का?* देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. परक्या पुरुषाला दुखणे सांगता येत नाही म्हणून बायका उपचाराविना राहतात.

*इथे सोय नाही का?* मद्रासचे कॉलेज वगळता इतरत्र बहुतेक सुईणीच्या कामापुरतेच वर्ग आहेत. शिवाय शिकण्यासाठी बाहेर पडणाऱ्या हिंदू स्त्रीला रस्त्यावर होणारा त्रास त्यांनी स्वतः अनुभवला होता.

*एकटीच का?* नवऱ्याच्या कमाईवर त्याचे आईवडील आणि भाऊ अवलंबून आहेत.

*परतल्यावर वाळीत टाकले तर?* तिथे हिंदू म्हणूनच राहणार, पोशाख आणि आहार बदलणार नाही. मग बहिष्काराचे भय कशाला?

*काही बरेवाईट झाले तर?* संकट घरी बसूनही येते.

*जे कोणी केले नाही ते तुम्हीच का करावे?* समाजाचे ऋण प्रत्येकावर असते. कोणीतरी सुरुवात करावीच लागते.

या भाषणाची वृत्तपत्रांनी दखल घेतली आणि मदतही येऊ लागली.

तयारी कुठे कामी आली?

७ एप्रिल १८८३ रोजी ओळखीच्या मिशनरी महिलांच्या सोबतीने त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. सुरुवातीचे महिने त्यांनी कार्पेंटर कुटुंबात काढले. नंतर फिलाडेल्फियातील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये त्यांना प्रवेश मिळाला. प्राचार्य रेचल बॉडली यांचा भक्कम पाठिंबा होता. साडी सुटली नाही, शाकाहारही सुटला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एमडी पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. गोपाळराव तोवर अमेरिकेत पोहोचले होते. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाईही हजर होत्या.

राहून काय गेले?

सहा प्रश्नांत एक प्रश्न नव्हता : शरीर साथ देईल का? निघण्याआधीच डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा, धाप हे त्रास सुरू होते. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठवली होती, पण गुण आला नाही. तरीही प्रस्थान पुढे ढकलले गेले नाही. टीकाकारांना धर्माची चिंता होती, गोपाळरावांना उदाहरण घालून देण्याची घाई होती आणि आनंदीबाईंना स्वतःच्या दुखण्यापेक्षा काम मोठे वाटत होते. फिलाडेल्फियाची थंडी आणि अपुरा आहार यांनी प्रकृती आणखी ढासळली आणि क्षयाने गाठले. वाळीत टाकले तर काय, याचे उत्तर तयार होते. आजारी पडले तर शिक्षण थांबवायचे का, याचे नव्हते.

परतल्यावर काय झाले?

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्याचे ठरले होते. १८८६च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण त्या पदावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

आज या निर्णयाकडे कसे पाहावे?

आज समुद्र ओलांडल्याने कोणी वाळीत टाकत नाही. तरी का जायचे, इथे पर्याय काय, तिथे आपले कोण, मागे कोण आपल्यावर अवलंबून आहे आणि परतून काय करायचे, हे प्रश्न कायम आहेत. आनंदीबाईंनी त्यांची उत्तरे लोकांसमोर दिली, म्हणून ती पक्की झाली. त्यांच्या यादीत न आलेला प्रश्न मात्र लोक विचारत नाहीत. तो स्वतःलाच विचारावा लागतो.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आजही त्यांच्या नावाचा दगड आहे.