विश्लेषण : रिकाम्या पुंगळ्यांतून उद्योग उभारणारे जॉइस हॉर्नेडी कोण होते?

गोळी झाडली की काडतुसाची पितळी पुंगळी मागे उरते. बहुतेकांसाठी ती भंगार. अमेरिकेतील जॉइस हॉर्नेडी यांनी मात्र याच भंगारातून व्यवसाय सुरू केला. घरच्या घरी काडतूस पुन्हा भरण्याचा, म्हणजे ‘रीलोडिंग’चा छंद तिथे रुजला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

रीलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, ठिणगी देणारा प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर फक्त पुंगळी शिल्लक राहते. चारही भागांत सहसा तीच महाग असते. ती डायमधून दाबून मूळ आकारात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू भरायची आणि वर नवी गोळी बसवायची. खर्च वाचतो आणि आपल्या बंदुकीला मानवेल असे काडतूस तयार होते.

सुरुवात कशी झाली?

हॉर्नेडी यांचा जन्म १९०७चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नेब्रास्का राज्यातील ग्रँड आयलंड इथे आले. तिथल्या दारूगोळा कारखान्यातील सुरक्षारक्षकांना ते प्रशिक्षण देत. पुढे त्यांनी क्रीडासाहित्याचे दुकान टाकले. तेव्हा सगळा माल सैन्याकडे जात होता आणि शिकाऱ्यांना चांगल्या गोळ्या मिळत नव्हत्या.

मग व्हर्नन स्पीअर यांच्यासोबत त्यांनी एक यंत्र बनवले. पॉइंट बावीसच्या वापरलेल्या पुंगळ्यांना नवा आकार देऊन हे यंत्र त्यांचे गोळीवरचे आवरण तयार करत असे. पुढे स्पीअर यांनी स्वतंत्र कंपनी काढली.

कंपनी कशी वाढली?

हॉर्नेडी यांनी १९४९मध्ये स्वतःचे उत्पादन सुरू केले, तेही युद्धानंतर निकामी ठरलेल्या यंत्रांवर. पहिली गोळी पॉइंट तीस कॅलिबरची, १५० ग्रेन म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅम वजनाची. पहिल्या वर्षाची विक्री १० हजार डॉलर. १९५८मध्ये ८ हजार चौरस फुटांचा कारखाना उभा राहिला. गोळीची अचूकता तपासण्यासाठी त्यात २०० यार्ड लांबीची भूमिगत रेंज होती. १९६४मध्ये ‘फ्रंटियर’ नावाने तयार काडतुसे आली. त्यासाठी सुरुवातीला लष्कराच्या जुन्या पुंगळ्या वापरल्या गेल्या. १९७१मध्ये ‘पॅसिफिक टूल’ ही कंपनी विकत घेतल्यावर रीलोडिंगची अवजारेही त्यांच्याकडे बनू लागली.

नवशिक्याला किती सामान लागते?

फार नाही. एका वेळी एकच काम करणारी ‘सिंगल स्टेज’ प्रेस, आपल्या कॅलिबरच्या डाय, शेल होल्डर, वजनकाटा, कॅलिपर आणि भरणीचे प्रमाण देणारे छापील मॅन्युअल एवढ्यावर भागते. बहुतेक डायचे आटे सारखेच असतात (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे). त्यामुळे प्रेस एका कंपनीची आणि डाय दुसरीची चालते. प्रेस साधी किंवा जुनी घेतली तरी हरकत नाही.

काटकसर करायची नाही ती काटा आणि मॅन्युअलमध्ये. दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत मोजावी लागते. प्रमाण चुकले, तर दाब वाढून बंदूक हातातच फुटू शकते. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे.

अखेर कशी झाली?

१५ जानेवारी १९८१ रोजी हॉर्नेडी न्यू ऑर्लिन्सच्या ‘शॉट शो’ या व्यापार प्रदर्शनाला निघाले होते. शहराजवळ त्यांचे विमान कोसळले. ते आणि कंपनीतील दोन सहकारी मृत्युमुखी पडले. एकाच दिवशी कंपनीने संस्थापक आणि दोन जाणकार माणसे गमावली. त्यानंतर मुलगा स्टीव्ह यांनी सूत्रे हाती घेतली. कंपनी आजही ग्रँड आयलंडमध्येच आहे. गोळ्यांबरोबर नवशिक्यांसाठी प्रेस आणि डायही ती विकते.