खांबावरच्या माणसासाठी

विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९१४ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवत. तरीही हृदयोपचारांच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

अमेरिकेत वीज घरोघरी पोहोचू लागली, तसे तारांवर काम करणारे लाइनमन शॉक लागून दगावू लागले. कित्येकांच्या अंगावर मोठी भाजल्याची जखमही नसे. शॉकमुळे हृदयाचे स्नायू एकत्र आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. छातीतून अँपिअरचा दहावा भाग एवढा प्रवाह गेला, तरी हे घडू शकते. यावर उपाय शोधण्यासाठी वीज उद्योगाने पैसा दिला आणि १९२८ च्या सुमारास कौवेनहोवेन या कामाला लागले.

कुत्र्यांवरील प्रयोगांत काट्याने काटा निघाला. विजेचा दुसरा झटका दिला की थरथर थांबून ठोके पूर्ववत होत. जिनिव्हातील संशोधकांनी १८९९ मध्येच हे पाहिले होते, पण ते विस्मरणात गेले होते. १९४७ मध्ये क्लीव्हलँडचे शल्यविशारद क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी एका १४ वर्षांच्या मुलाला असा झटका देऊन वाचवले. मात्र तेव्हा छाती उघडीच होती. खांबाखाली पडलेल्या लाइनमनची छाती कोण उघडणार?

छाती न उघडता झटका देणारे कौवेनहोवेन यांचे यंत्र १९५७ मध्ये तयार झाले. पण ते इतके अवजड होते की अपघाताच्या जागी वेळेत पोहोचणे अशक्यच. उत्तर अनपेक्षितपणे सापडले. १९५८ मध्ये त्यांचे विद्यार्थी गाय निकरबॉकर यांना दिसले, की यंत्राच्या पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वाढतो. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्या साथीने हे तंत्र माणसांवर वापरले गेले. १९६० च्या शोधनिबंधात २० रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी १४ वाचले. यंत्र येईपर्यंत दोन हात पुरेसे होते. आज जगभर शिकवला जाणारा सीपीआर तो हाच.

जॉन्स हॉपकिन्सने १९६९ मध्ये या अभियंत्याला वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी वीजपुरवठा बंद करावा आणि मदत बोलवावी. तो बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा.