काचीगुड्याचे मास्तर : रहीमसाहेब



शाळेच्या फुटबॉलवर लिही, असा स्मरणिका समितीचा निरोप आला. आपल्या आठवणी तर सगळ्यांच्या सारख्याच आहेत. शनिवारची अर्धी शाळा, पाठीवर दप्तर तसेच ठेवून मैदानापर्यंत केलेली पायपीट, कागदाच्या पुडीतली फल्ली, आणि हरलो की घरी येईपर्यंत रेफरीच्या नावाने बोटे मोडणे. यात मी नवे काय सांगणार? म्हणून ज्या माणसामुळे आपल्या हैदराबादेत शाळकरी पोरांच्या सामन्यालाही मोठी माणसे सायकली टेकवून उभी राहायची, त्या माणसाविषयी लिहितो. सय्यद अब्दुल रहीम. सारे शहर त्यांना रहीमसाब म्हणे.

‘मैदान’ चित्रपट २०२४ साली आला आणि हे नाव देशभर पुन्हा ऐकू आले. माझ्या नातवालाही ते ठाऊक झाले. चित्रपटातले रहीमसाहेब प्रामुख्याने भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत. मला अधिक जवळचे वाटतात ते शाळामास्तर रहीमसाहेब.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून कला शाखेची पदवी घेतली, विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले आणि मग शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी शिकवले. मध्येच शारीरिक शिक्षणाची पदविका केली आणि पुढच्या शाळांत खेळ त्यांच्याकडे आले. काचीगुडा म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांचे घर. ज्या गल्ल्यांतून आपण शाळेत गेलो, त्याच वस्तीतल्या शाळेत हा माणूस खडू हातात घेऊन उभा राहिला होता, ही गोष्ट मला आजही जकार्ताच्या सुवर्णपदकापेक्षा कमी वाटत नाही.

१९४३च्या सुमारास ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि ते काम त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. त्या वेळी आपल्याकडचा खेळ म्हणजे एकट्याची कारागिरी. चेंडू पायाशी आला की दोघातिघांना चकवायचे, टाळ्या घ्यायच्या आणि चौथ्याकडे चेंडू घालवायचा. रहीमसाहेबांनी यावर भाषणे दिली नाहीत, स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत ड्रिब्लिंगलाच बंदी. चेंडू आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचे, म्हणजे उजव्या पायाच्या पोराने डाव्याने. मुलांना गंमत वाटे, आणि खेळता खेळता मान वर करून साथीदार कुठे आहे ते पाहायची सवय लागे. दोन्ही पाय सारखे तयार होत. ज्याने वर्गात पन्नास पोरांना एकदम शिकवले आहे, त्यालाच हे सुचावे. एकेकाचा कान धरण्यापेक्षा खेळाचा नियमच बदलला की अख्खा वर्ग सुधारतो.

आपले पी.टी.चे सर आपल्याला तास तास डाव्या पायाने खेळायला लावत आणि आपण मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणत असू, ते इथे छापण्यासारखे नाही. ही रीत मूळची रहीमसाहेबांची, असे सर सांगत. साहेब गेले तेव्हा मी चौथीत होतो. त्यांना मी पाहिले नाही. पण त्यांचा तो डावा पाय आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आला.

१९५०च्या सुमारास त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघ हाती घेतला. पुढे जे झाले ते मुंबईच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना चांगले आठवत असे. कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स कप या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. सुट्टीत मुंबईला गेलो की माझे मामा, हैदराबादहून भाचा आला आहे, अशी शेजाऱ्यांना ओळख करून देत आणि वर पोलीस संघाची आठवण जोडत. जणू तो कप मीच आणला होता.

देशाच्या संघाचे काम त्यांच्याकडे आले आणि १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १–०ने हरवून सुवर्ण मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेब त्या पराभवापाशी रेंगाळले नाहीत. युरोपातले संघ, विशेषतः हंगेरीचा, कसे खेळतात हे त्यांनी बारकाईने पाहिले आणि आपली रचना बदलली. १९५८च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे जी ४-२-४ रचना जगभर गाजली, तिच्याकडे ते त्याआधीच वळू लागले होते.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या संघात आपल्या शहरातले अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे खेळाडू होते. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ हरवले. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिलचाच होता, पण सामना ४–१ने गेला. भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले, त्यांच्याविरुद्ध काही काळ का होईना आघाडी घेतली, याचे मोल ज्याने शाळेत सपाटून मार खाल्ला आहे त्यालाच कळेल. १९६०ला रोममध्ये फ्रान्सला १–१ असे रोखले.

तुलसीदास बलरामची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हा सिकंदराबादचा गरीब घरातला मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ हेरला आणि त्याला हैदराबादला सरावाला बोलावले. इतक्या लांब रोज येणार कसा, ही त्याची अडचण. साहेबांनी सायकलच्या भाड्यासाठी रोजचा एक रुपया देऊ केला. शिक्षकाच्या पगारातला एक रुपया. भारताच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंपैकी एक त्या रुपयातून घडला. आपल्या शाळेतही कुणाची फी, कुणाची वही, कुणाचे बूट असे गुपचूप भरले गेले आहेत. कुणी भरले ते हे वाचणाऱ्या गुरुजनांपैकी काहींना ठाऊक आहे. ते बोलणार नाहीत, म्हणून मीही नावे घेत नाही.

मग १९६२चे जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २–० हरवले. पुढे थायलंड आणि जपानला नमवले, पण बचावातला आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला टाके पडले. साहेबांनी त्याला बसवले नाही, बचावातून काढून थेट आघाडीला खेळवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, भारत ३–२ने जिंकला. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने घेतलेल्या आक्षेपामुळे जकार्ताचे लोक आपल्यावर संतापलेले होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री साहेबांनी मुलांकडे एकच भेट मागितली, उद्याचे सुवर्णपदक, असे खेळाडू पुढे सांगत. ४ सप्टेंबरला सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या हुर्योत त्याच कोरियाशी गाठ पडली. पी. के. बॅनर्जी आणि टाके घातलेला जर्नेल यांनी गोल केले. २–१. भारताच्या फुटबॉल संघाला आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण मिळालेले नाही.

त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही. ११ जून १९६३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने रहीमसाहेब गेले. वय अवघे ५३. मुलगा हकीम १९६०च्या ऑलिंपिक संघात होता, पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाला. साहेबांच्या माघारी हैदराबादचा फुटबॉल काही वर्षे त्या पुण्याईवर चालला, मग हळूहळू ओसरला. आपल्या १९७०च्या तुकडीने त्याची उतरती संध्याकाळ पाहिली. आज शहरात मैदाने कमी, पोरे क्रिकेटच्या रांगेत. याला रहीमसाहेब गेले एवढेच कारण नाही, पण शाळा-शाळांत चेंडू घेऊन उभा राहणारा मास्तर उरला नाही, हे एक कारण नक्की आहे. संघ दिल्लीत निवडला जात असेल, खेळाडू मात्र शाळेच्या मैदानावरच सापडतो.

म्हणून मेळाव्याच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. माजी विद्यार्थी निधीतून दर वर्षी शाळेतल्या मुलामुलींसाठी एक छोटी स्पर्धा भरवावी, फक्त कमजोर पायाची. ढाल नको, पाहुणे नकोत. चेंडू, बूट आणि सामन्यानंतर पोरांना खायला एवढाच खर्च. पहिल्या वर्षाचे चेंडू माझ्याकडून. सलामीचा सामना आपल्या तुकडीने खेळावा असेही काही मित्र म्हणतात. त्याला माझी हरकत नाही. नियमाप्रमाणे खेळायला आपल्याला अडचण येणार नाही, कारण या वयात आपले दोन्ही पाय कमजोरच आहेत.