खतं इंद्रायणीत सोडणारा वाणी



आजचं वाचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक. थंडी-ऊन, सुख-दुःख येतं आणि जातं, ते सोसायला शीक, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. मागच्या वर्षी माझी नोकरी गेली तेव्हा हाच श्लोक मला तिघांनी तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. खरं सांगू? राग आला होता. ज्याचा पगार चालू आहे त्याने असं सांगणं सोपं असतं. म्हणून आज श्लोकाचा अर्थ बाजूला ठेवते आणि ज्याने हे सगळं अंगावर घेतलं त्या माणसाबद्दल लिहिते. देहूचे तुकोबा.

आपल्या डोक्यातले तुकोबा म्हणजे हातात वीणा, कपाळी गंध. पण त्याआधी ते दुकानदार होते, हे आपण विसरतो. घरात वाण्याचा धंदा, सावकारी, पिढीजात महाजनकी आणि पूर्वजांपासून चालत आलेलं विठ्ठलाचं देऊळ. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरल्या सावजींचं मन संसारात नव्हतं, म्हणून कोवळ्या वयातच व्यवहार तुकोबांकडे आला. आणि त्यांनी तो चालवलाही बरं का! पहिली बायको रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई दुसरी करून आणली. घर भरलेलं होतं.

मग एकामागून एक सुरू झालं. आई-वडील गेले. वहिनी गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये तो भीषण दुष्काळ पडला. पैसा गेला, दिवाळं निघालं, गावात पत उरली नाही. रखमाबाई अन्नावाचून गेल्या. मुलगा संतूही गेला. तुकोबा तेव्हा विशीच्या आसपास होते. आपल्यातले बरेच जण त्या वयात पहिली इंटर्नशिप शोधत असतात.

हे सगळं त्यांनी स्वतः एका अभंगात सांगितलंय, तेही संतांनी विचारलं म्हणून, संकोचत, मोजक्या शब्दांत. बायको कशी गेली ते सांगताना शब्द फुलवत नाहीत, आणि आपल्याला लाज वाटली हेही लपवत नाहीत. मला तो अभंग वाचवत नाही, पण वारंवार वाचते.

पुढे ते डोंगरावर एकांतात जाऊन बसले. भामचंद्र, भंडारा ही नावं तुम्हाला माहीत आहेतच. पण मला त्यापेक्षा खाली उतरल्यावर त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं वाटतं. पहिलं म्हणजे पडझड झालेलं देऊळ नीट केलं. स्वतःचं घर मोडलेलं असताना!

दुसरी गोष्ट खतांची. लोकांनी घराण्याकडून घेतलेल्या कर्जाचे कागद घरात होते. परंपरा सांगते की तुकोबांनी ते इंद्रायणीत सोडायला काढले. धाकट्या कान्होबाने आपला वाटा मागितला, तेव्हा निम्मे कागद त्याला दिले आणि आपले निम्मे पाण्यात सोडले. जरा थांबून विचार करा. त्यांच्याकडे तेव्हा दुसरं काही नव्हतंच. वसुली हाच आधार होता. पण ज्यांच्याकडून वसूल करायचं तेही त्याच दुष्काळातून निघालेले. आणि आपलं वैराग्य त्यांनी भावावर लादलं नाही, हे मला फार आवडतं.

जिजाईवर मात्र लादलं गेलं, हेही लिहायला हवं. तिला आपण कीर्तनात कजाग ठरवून हसतो. चूल तिलाच पेटवायची होती. डोंगरावर भाकरी घेऊन तीच जायची.

सुख आलं म्हणून चढउतार संपले असंही नाही. कीर्तनाला गर्दी व्हायला लागली, अभंग लोकांच्या तोंडी बसले, तेव्हा वाघोलीच्या रामेश्वर भटांनी आक्षेप घेतला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत त्यांनी आपखुशीने खतं सोडली, तीच नदी. वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, हे आपण भक्तिभावाने सांगतो. माझं मन मात्र मधल्या दिवसांत अडकतं. काठावरच्या शिळेवर उपाशी बसलेल्या त्या माणसाला शेवट माहीत नव्हता. नंतर रामेश्वर भट त्यांचेच भक्त झाले. आपण म्हणतो ती तुकोबांची आरती त्यांचीच.

आता माझं. नोकरी जायच्या आधी मी मामेभावाला चाळीस हजार दिले होते. माझ्या अडचणीत त्याने ते परत केले नाहीत. ट्रान्सफरचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय, आणि घरी कुणाचं लग्न निघालं की तो आठवतो. तुकोबांबद्दल वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की त्याचं दुकानही त्याच वर्षी बंद झालं होतं. मी विचारलंच नव्हतं.

पैसे सोडून दिलेत असं नाही. तेवढं मला जमलेलं नाही, आणि खोटं का लिहू? स्क्रीनशॉटही अजून आहे. काल रात्री फक्त मेसेज केला, कसा आहेस म्हणून. पैशांचा विषय काढला नाही. सकाळी त्याचा फोन आला, अर्धा तास बोलला.

उद्या पंधरावा श्लोक. जय हरी!