जॉन वेस्ली आणि गाणारे शेजारी

जॉन वेस्ली हे इंग्लंडातील पाळक १७३५ साली अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत उपदेश करण्यास निघाले. जहाजावर मोरावियन मंडळीचे जर्मन बंधुजन होते. ता. २५ जानेवारी १७३६ रोजी त्यांची उपासना आरंभली असता तुफानाने मोठे शीड फाटले. इंग्रज उतारू आक्रोश करू लागले. जर्मन मात्र स्तोत्र गातच राहिले. वेस्लीसाहेबांस मरणाचे भय वाटले. सव्हाना येथे उतरल्यावर ते काही दिवस याच बंधूंजवळ राहिले. तेथेही त्यांचा नित्य उद्योग व प्रसन्न मुद्रा दृष्टीस पडली. इतरांस उपदेश करणाऱ्या आपल्या ठायी हा विश्वास नाही, हे वेस्लीसाहेबांनी ओळखले. ता. २४ मे १७३८ रोजी लंडन येथे तो त्यांस लाभला. बंधुभगिनींनो, आपल्या घरचे भजनही कोणी शेजारी ऐकत असेल.