बाप आवाजाचा, लेक शांततेचा

शनिवारी काष्टीच्या जनावरांच्या बाजारात कधी गेला असाल, तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. दावणीला बांधलेले बैल, टेम्पोंची गर्दी, रुमालाखाली बोटं दाबून चाललेले सौदे. तेवढ्यात कुठून तरी एक बुलेट येते आणि फटाका फुटल्यासारखा आवाज काढते. बैल दावं ताणतो, शेजारचा म्हातारा शिवी हासडतो, आणि बुलेटवाला आपल्याच तोऱ्यात दौंड रोडला लागतो.

या भिडूनं काय केलेलं असतं? कंपनीचा सायलेन्सर काढून दुसराच बसवलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० क्रमांकाचा नियम सांगतो, की प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच. आवाजाची मर्यादा मोडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वर लायसनला तीन महिन्यांची सुट्टी. थोडक्यात, कायदा म्हणतो की बाबा रे, सायलेन्सर लाव.

आता गंमत बघा. याच तालुक्यात एखाद्या परवानाधारकानं आपल्या बंदुकीला सायलेन्सर लावला, तर कायदा बरोबर उलटं बोलतो. काढ तो! वस्तू एकाच घराण्यातली, काम एकच, आवाज कमी करणं. मग एका ठिकाणी सक्ती आणि दुसऱ्या ठिकाणी बंधन असं का? हे समजून घ्यायचं असेल तर ज्यानं बंदुकीचा सायलेन्सर बाजारात आणला, त्या माणसाची गोष्ट वाचायला हवी. त्याचं नाव हायरम पर्सी मॅक्सिम. आपण त्याला पर्सीच म्हणू.

मशीनगनवाल्याचा पोरगा

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनचा. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे अफाट डोक्याचा आणि तितकाच विक्षिप्त माणूस. पर्सी जेमतेम बारा वर्षांचा असताना हे वडील युरोपात गेले आणि तिकडचेच झाले. तिथे त्यांनी दुसरा संसार मांडला. आणि १८८४ च्या सुमारास त्यांनी लंडनमध्ये जे यंत्र बनवलं, त्यानं जगाचा नकाशा बदलला. मिनिटाला सहाशेच्या आसपास गोळ्या झाडणारी, स्वतःच्याच धक्क्यावर पुढची गोळी भरणारी मॅक्सिम गन!

आफ्रिकेत इंग्रजांनी ती वापरली. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रज, जर्मन आणि रशियन, तिघांकडेही याच बंदुकीच्या घडणीवर बेतलेल्या मशीनगन होत्या. थोरल्या मॅक्सिमला इंग्लंडकडून सर ही पदवी मिळाली. पण आयुष्यभर बंदुकांच्या आवाजात राहून त्याचे कान मात्र गेले. १९१६ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, तो वारला.

इकडे अमेरिकेत पर्सी आईजवळ वाढला. वयाच्या सोळाव्या वर्षी तो एमआयटीतून शिकून बाहेर पडला. तुमच्यातले काही जण त्या वयात अकरावीच्या ॲडमिशनची यादी बघत होते! लिन गावातल्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरी करताना त्याला मोटारगाडीचं वेड लागलं. पेट्रोल कसं पेटतं हे बघायला रिकाम्या काडतुसात त्याचे थेंब टाकून काडी लावण्याचे उद्योगही त्यानं केले. तीनचाकी सायकलला इंजिन बसवून ती चालवून दाखवली. त्या जोरावर १८९५ मध्ये हार्टफर्ड शहरातल्या पोप कंपनीनं त्याला मोटार विभागात घेतलं.

आवाज कुठून येतो?

बंदुकीचा मोठा बार कशाचा असतो, माहितीये? दारू पेटली की नळीत प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. गोळी तोंडातून सुटली रे सुटली, की हा वायू एकदम बाहेर पडतो आणि हवेवर आपटतो. पर्सीनं विचार केला, की याला एकदम सोडायचाच कशाला? नळीच्या तोंडाशी एक डबी बसवायची, आत पडदे असे वळवायचे की वायू गरागरा फिरत राहील आणि दमून हळूहळू बाहेर येईल. न्हाणीतल्या टबचं पाणी भोवरा करत मोरीत जाताना बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. ३० मार्च १९०९ ला त्याला याचं पेटंट मिळालं. गाड्यांच्या, इंजिनांच्या सायलेन्सरमागेही विचार हाच, वायूला एकदम बाहेर पडू द्यायचं नाही. त्याच्या कंपनीनं पुढे तेही बनवले.

एक गैरसमज इथेच काढून टाका. सिनेमात सायलेन्सर लावलेलं पिस्तूल फुस्स करतं, तसं खऱ्या आयुष्यात होत नाही. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबल असतो, सायलेन्सरनं त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी होतात. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जात असेल, तर तिचा स्वतःचा कडकडाट उरतोच. म्हणजे आवाज मरत नाही. पण तो लांब जात नाही, आणि नेमका कुठून आला हे पटकन कळत नाही.

पर्सीचा हेतू साधा होता. नेमबाजी करणाऱ्याचे कान वाचावेत, शेजाऱ्याला त्रास होऊ नये. दुकानात जाऊन काही डॉलरला कुणीही त्याचा सायलेन्सर घेऊ शकत होतं. पण आवाजाशिवाय शिकार करता येते हे चोरट्या शिकाऱ्यांच्याही लक्षात येणार, ही भीती लवकरच बोलली जाऊ लागली आणि काही राज्यांनी निर्बंध घातले.

मग आला दारूबंदीचा काळ. शिकागोसारख्या शहरांत टोळ्या एकमेकांवर मशीनगन चालवू लागल्या. १९२९ मध्ये व्हॅलेंटाईन डेच्या दिवशी तिथे सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं गेलं. लोक हादरले. २६ जून १९३४ ला राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या सहीनं राष्ट्रीय शस्त्र कायदा झाला. यादीतल्या प्रत्येक वस्तूची सरकारदरबारी नोंद करायची आणि हस्तांतराला दोनशे डॉलर कर भरायचा. त्या मंदीच्या दिवसांत दोनशे डॉलर म्हणजे सामान्य माणसानं नादच सोडायचा!

त्या यादीत मशीनगन होती. आणि सायलेन्सरही होता. ज्या बापानं पोराला वाऱ्यावर सोडलं, त्याचा शोध आणि त्या पोराचा शोध सरकारनं एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसवले.

त्याचा दुसरा नाद

पर्सी इथेच संपला असता, तर आपण त्याला फार तर कमनशिबी म्हटलं असतं. पण त्याला आणखी एक नाद होता, हौशी रेडिओचा, ज्याला आपण हॅम रेडिओ म्हणतो. १९१४ मध्ये त्याला हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला संदेश पाठवायचा होता, पण पोचेना. मग वाटेतल्या एका हौशी भिडूनं तो पकडून पुढे ढकलला. पर्सीच्या डोक्यात दिवा पेटला. असे सगळे जोडले, तर संदेश देशभर जाईल! त्यानं क्लेरेन्स टस्का या तरुणाला सोबत घेऊन अमेरिकन रेडिओ रिले लीग काढली.

महायुद्धात सरकारनं हौशी रेडिओ बंद पाडले. युद्ध संपल्यावर नौदलाला आकाशवाणीच्या सगळ्या लहरी आपल्या ताब्यात हव्या होत्या. पर्सी नडला. वॉशिंग्टनला जाऊन भांडला, हौशी मंडळींकडून पत्रं लिहून घेतली, आणि १९१९ मध्ये बंदी उठली. हे स्वातंत्र्य बिनाअटीचं नव्हतं. हॅम होण्यासाठी लायसन लागायचं आणि हवेत प्रत्येकाला आपली खूण सांगावी लागायची. आजही तसंच आहे. भारतात बारा वर्षांवरचा कुणीही परीक्षा देऊन हॅम होऊ शकतो, आणि बहुतेकांची खूण व्हीयू या अक्षरांनी सुरू होते.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. रेडिओचा नियम सांगतो, बोल, पण तू कोण आहेस ते कळू दे. बंदुकीचा बारही न बोलता तेच करत असतो. इथे कुणीतरी गोळी झाडली, हे तो चार लोकांना सांगतो. सायलेन्सर नेमकं तेवढंच काढून घेतो.

हे काष्टीत बसून पटकन कळतं. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. तिथे रात्री बार ऐकू आला, तर वस्तीवरचा माणूस उठून बसतो आणि वनरक्षकाला फोन लावतो. बारच ऐकू आला नाही तर? म्हणूनच आपल्या शस्त्र नियमांत, १९६२ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्याही, बंदुकीचा आवाज किंवा चमक कमी करणाऱ्या साधनांना सर्वात कडक अशा पहिल्या वर्गात ठेवलंय. पिकाच्या राखणीसाठी कलेक्टर ऑफिसातून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यात ते बसत नाही.

सगळं जग असंच वागतं असं नाही. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारीच्या रायफलला सायलेन्सर ही रोजची गोष्ट आहे, कारण बंदुकीचा मालक कोण हे तिथे आधीच नोंदलेलं असतं. अमेरिकेनंही १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा तो दोनशे डॉलरचा कर शून्यावर आणला. नोंदणी मात्र ठेवली. कर गेला तरी चालेल, पण माणूस कोण हे कळायला हवं.

पर्सी १७ फेब्रुवारी १९३६ ला, प्रवासात आजारी पडून, कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावी वारला. त्याच वर्षी त्याचं एक पुस्तक आलं. विषय होता त्याचे वडील. त्यात राग जवळजवळ नाहीच, एका विलक्षण आणि त्रासदायक माणसाच्या हसवणाऱ्या आठवणी आहेत. त्याची रेडिओवरची खूण, डब्ल्यू वन एडब्ल्यू, त्याच्या संघटनेनं जपली आणि आजही ती हवेत ऐकू येते.

तेव्हा पुढच्या शनिवारी बाजारात कुणी फटाके फोडत बुलेट घेऊन आला, तर त्याला पर्सीची गोष्ट सांगा. ओळख सांगायला रेडिओवर दोन-चार अक्षरं पुरतात. त्यासाठी बाजारातल्या बैलाला दावं तोडायला लावायची गरज नसते.