जिवाणू पकडणारा इंजिनिअर

मी जेऊरचा (ता. करमाळा). आमच्याकडे हरभरा पेरण्याआधी बियाण्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियम चोळतात, दहा किलोला 250 ग्रॅमचं एक पाकीट. या पाकिटाचं मूळ एका केमिकल इंजिनिअरकडे जातं, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं.

मार्टिनस बायरिंकचा जन्म 1851 चा, ॲमस्टरडॅमचा. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला, मग त्यांनी रेल्वेत नोकरी धरली. पोरगा 1872 ला डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमधून पास झाला, पण ओढा वनस्पतींकडे. 1885 मध्ये तो डेल्फ्टच्याच यीस्ट कारखान्यात लागला. कडधान्यं हवेतला नत्र वापरतात हे हेलरीगेलने 1886 ला दाखवलं होतं. पण मुळांवरच्या गाठीत नेमकं राबतं कोण? 1888 मध्ये बायरिंकने तो जिवाणू गाठीतून वेगळा काढून वाढवला. युरियासाठी अमोनिया करायला आपल्याला 400-500 अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हा गडी तेच काम साध्या मातीत करतो, मोबदला फक्त झाडाची साखर!

पुढे 1895 ला बायरिंक डेल्फ्टमध्येच प्रोफेसर झाला. 1898 ला तंबाखूच्या रोगावरून त्याने विषाणूची कल्पना मांडली. स्वभाव तिखट, लग्न केलं नाही. 1931 ला गेला.

सुट्टीत गावी जाल तेव्हा घरच्यांना एवढं सांगा: हरभऱ्याचा जिवाणू तुरीला चालत नाही, पाकीट उन्हात ठेवू नका, बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी. मग पीक फुलायच्या आधी एक गाठ कापून बघा. आत गुलाबी असेल तर समजा, कामगार कामावर आहेत आणि युरियाचे पैसे वाचले.